भेगतज्ज्ञ

इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायची तर ती थोडीफार वाजवता यायला हवी, असा एक समज आहे. मी तो पाळला नाही. गिटारमधलं मला एकच अंग येत होतं आणि त्या अंगात, नम्रपणा क्षणभर बाजूला ठेवून सांगतो, पुणे शहरात माझा हात धरील असा दुसरा नवशिका नव्हता. ते अंग म्हणजे भेगा.

पन्नाशी जवळ आली की माणसाला काहीतरी होतं. कुणी गड चढायला लागतो, कुणी शेअर बाजारात उतरतो, कुणी विपश्यनेला जाऊन येतो आणि दहा दिवस गप्प राहिल्याबद्दल पुढे वर्षभर बोलतो. मला गिटार झाली. तीही इलेक्ट्रिक, कारण तिच्या अ‍ॅम्पला हेडफोन लावता येतो आणि आमच्या सोसायटीत मिक्सर कुणी किती वाजता लावला याचीही नोंद असते. नवी घ्यायचा विषय बायकोने दोन शब्दांत मिटवला: ‘माळा बघ.’ माळ्यावर माझी बासरी आहे, जलरंगांची पेटी आहे, फ्रेंचची पुस्तकं आहेत आणि घडी घालता येणारी व्यायामाची सायकल आहे. सायकल घडी घालता येते म्हणूनच माळ्यावर चढली. तेव्हा वापरलेली गिटार घ्यायची असं ठरलं.

आता गिटार हातात नसताना वाजवायला शिकता येत नाही. भेगांचा अभ्यास मात्र बसल्या जागी होतो. जुनी गिटार घेताना काय काय बघावं हे शोधायला बसलो, ‘बॉडीला भेग असल्यास जपून’ एवढं वाचलं आणि पुढचे कित्येक आठवडे तिथून हललोच नाही. मान वाकली आहे का, फ्रेट झिजलेत का, पिकअप चालतात का, असेही विषय होते. ते मी इतरांसाठी सोडले.

पहिला धडा असा की भेग रंगाची की लाकडाची, हे आधी ठरवायचं. फ्लॅट बघायला गेल्यावर भिंतीवर रेघ दिसली की आपण विचारतो, गिलाव्याची की भिंतीची? तोच हा प्रश्न. बिल्डर म्हणतो गिलाव्याची, गिटार विकणारा म्हणतो रंगाची, आणि दोघांचाही चेहरा त्या वेळी सारखाच दिसतो. हल्लीच्या बऱ्याचशा गिटारींवर पॉलिएस्टरचं जाड, कडक कवच असतं. धक्का बसला की ते तडकतं, त्याचा टवका उडतो, पण आतलं लाकूड ठणठणीत असू शकतं. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचं पातळ लॅकर असायचं. कडाक्याच्या थंडीतून एकदम उबदार खोलीत आणली की लाकूड आणि लॅकर आपापल्या गतीने आक्रसतात, फुगतात, आणि त्या ओढाताणीत लॅकरवर बारीक रेघांचं जाळं उमटतं. अशी रेघ लाकडाच्या रेषांना जुमानत नाही, खुशाल आडवी जाते. लाकूड फाटतं ते मात्र बहुधा आपल्या रेषेनेच. टॉर्च समोरून मारायचा नाही, आडवा धरायचा. तिरप्या उजेडात कडा उठून दिसतात. नख फिरवायचं. लायटरमध्ये भरतात त्या इंधनाचा ओला बोळा फिरवायचा. बाकीचं उडून जातं, भेगेत मुरलेलं मागे रेंगाळतं आणि रेघ आपली आपण उघडी पडते. आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा: जिथे रंग पोचलेला नाही तिथे बघायचं. झाकणं काढायची. बाहेरची रेघ आत कोऱ्या लाकडावरही दिसली, तर ती लाकडाची.

हे शेवटचं वाक्य मी वहीत लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

‘पण भेग असली तर बिघडतं काय?’ असं मुलीने एकदा जेवताना विचारलं. मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. तिला सांगितलं की लेस पॉल या गृहस्थांनी १९४० च्या सुमारास चार बाय चार इंची पाइनच्या ठोकळ्यावर तारा आणि पिकअप चढवून गिटार केली. लोकांना ती गिटार वाटेना, म्हणून दुसऱ्या एका गिटारची पेटी उभी कापून दोन अर्धी दोन बाजूंना नुसती शोभेला लावली. त्या गिटारचं नावच ‘द लॉग’, म्हणजे ओंडका. भरीव गिटारला पोकळ पेटीची गरज नसते. पिकअपमध्ये लोहचुंबक असतो, त्याच्याभोवती तांब्याच्या अतिबारीक तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते आणि तीच अ‍ॅम्पमध्ये जाते. अकूस्टिक गिटारच्या पातळ फळीला चीर गेली तर आवाज बिघडतो. ओंडक्याला गेली तर रूप बिघडतं, बाकी काही नाही. अपवाद एकच, भेग ताणाच्या वाटेत असली तर. नऊ नंबरच्या पातळ तारांचा संच सुरात लावला की सहा तारांचा मिळून ताण ३८-४० किलोच्या आसपास जातो, दहा नंबरच्या संचाचा ४७ च्या घरात. ‘म्हणजे गिटार नुसती कोपऱ्यात उभी असली, तरी तू तिला रात्रंदिवस लटकलेली आहेस असं समज.’ जेवताना आपलं वजन काढायचं काही कारण नव्हतं, असं म्हणून मुलगी ताट घेऊन उठली.

अभ्यास पुरेसा झाल्यावर मी टॉर्च, भिंग, कापूस आणि लायटरच्या इंधनाची बाटली एका पिशवीत भरली आणि गिटारी बघायला बाहेर पडलो.

कर्वेनगरला एक कॉलेजचा मुलगा लेस पॉलच्या घाटाची गिटार विकत होता. या घराण्याच्या गिटारींचं डोकं मानेपासून मागे कललेलं असतं, मूळ गिब्सन कंपनीच्या गिटारीत १७ अंशांनी. शिवाय मानेतला ताणदांडा जिथून पिळायचा, ती खाचही नेमकी तिथेच कोरलेली असते. त्यामुळे गिटार मागे पडली की मोडते ती बहुधा तिथेच. मी भिंग लावलं आणि काही मिनिटांत जोडाची रेघ शोधून काढली. ‘इथे मोडली होती!’ मी विजयी सुरात म्हणालो. ‘हो ना काका,’ तो म्हणाला, ‘जाहिरातीत लिहिलंय की.’ जाहिरात मी वाचली नव्हती. फोटो मोठे करून बघितले होते. त्याने गिटार माझ्याकडे केली आणि ‘वाजवून बघा, जोड मस्त धरलाय’ असं म्हणाला. मी डाव्या हाताचं बोट भाजलंय असं सांगितलं.

पुढची वांद्र्याला. मूळचे गोव्याचे एक वृद्ध वादक, हयात ऑर्केस्ट्रात गेलेली. घरभर जुने फोटो, आणि सोफ्यावर ठेवलेली साठच्या दशकातली अमेरिकन गिटार. किंमत माझ्या ऐपतीच्या कैक पट होती, पण मी फोनवर किंमत विचारलीच नव्हती, अवस्था विचारली होती. मी टॉर्च आडवा धरला आणि हादरलो. बॉडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघाच रेघा. सगळं पाठांतर ऐन वेळी डोक्यातून गेलं. मी हळहळत म्हणालो, ‘अरेरे, ही तर पूर्ण तडकलीय.’

म्हातारबुवांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. ‘तडकलीय?’

‘चिंता नको,’ मी म्हणालो आणि पिशवीतून लायटरच्या इंधनाची बाटली काढून सोफ्याशी वाकलो.

जिमी हेंड्रिक्सने १९६७ साली मॉन्टेरीच्या महोत्सवात अशाच इंधनाने भर मंचावर गिटार पेटवली होती. माझ्या पिढीला ती हकीकत आहे. त्यांच्या पिढीला ती बातमी होती. सत्तरी ओलांडलेला माणूस एवढ्या चपळाईने गिटार उचलून दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो हे मी प्रथमच पाहिलं. परत आले ते रिकाम्या हाताने. मग मला समोर बसवून त्यांनी लॅकर म्हणजे काय ते शांतपणे सांगितलं. मला ते सगळं माहीत होतं, हेच अपमानास्पद होतं. ते म्हणाले, ‘बाबा, या रेघांसाठी लोक जादा पैसे मोजतात. फेंडरवाले १९९५ पासून नव्या कोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, ठोकून, जुन्या करून विकतात. माझी आपली आपण जुनी झालीय.’ मी भाव विचारला. ते म्हणाले, ती आता विकायची नाही. चहा मात्र दिला, बरोबर बिस्किटंही. बाटली मी जाईपर्यंत दाराबाहेर ठेवायला लावली होती.

या प्रसंगानंतर बायकोने सुचवलं की निदान लाकूड कळणारा कुणीतरी बरोबर ने. आमच्या इमारतीतल्या बहुतेक दारांच्या चौकटी ज्यांच्या हातच्या आहेत, ते सुतारकाका तयार झाले. अर्ध्या दिवसाची रोजी ठरली. आम्ही चिंचवडला गेलो.

एक सज्जन गृहस्थ मुलीची गिटार विकत होते. मुलगी शिकायला जर्मनीला निघाली होती. गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, निळी, दिसायला देखणी. हा घाट फेंडरने १९५४ साली आणला आणि तेव्हापासून जगातल्या निम्म्या गिटारी त्याच्याच नकला असाव्यात असं वाटतं. मी उजेडाकडे तोंड करून बसलो, पिशवी उघडली (बाटली घरी होती) आणि कामाला लागलो. जॅकच्या भोवती बघितलं. केबलवर पाय पडला की तिथे दणका बसतो. पट्ट्याच्या बटनांपाशी बघितलं. पाठीमागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या खाचेत टॉर्च मारला. लाकूड स्वच्छ. मग मान जिथे बॉडीत बसते त्या खाचेच्या कोपऱ्यावर मला ती सापडली. केसाएवढी, कोपऱ्यातून निघून काठापर्यंत गेलेली.

ही भेग निरुपद्रवी असते हे मला पक्कं ठाऊक होतं. मान घट्ट बसावी म्हणून खाच नेमक्या मापाची असते, त्या बाजूला लाकडाची भिंत पातळ असते, वर रंगाचा जाड थर. मान किंचित हलली की कोपऱ्यातला रंग चिरतो. असंख्य गिटारींना असते. मान चार स्क्रूंवर घट्ट उभी असते, तिला त्याचं काही नसतं. पण हे समोरच्यांना माहीत नसेल, या भरवशावर मी भिंग बाजूला ठेवलं, दीर्घ श्वास घेतला आणि चेहरा असा केला की वडिलांनी मुलीला पाणी आणायला सांगितलं.

‘मानेच्या मुळाशीच आहे,’ मी हलक्या आवाजात म्हणालो.

‘काका, ती सगळ्यांनाच असते,’ मुलगी आतूनच म्हणाली. ‘आणि क्लॅप्टनची ब्लॅकी माहितीय ना? तीन जुन्या स्ट्रॅट मोडून त्यांचे भाग एकत्र केलेली, पार झिजलेली. २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली.’ तिला सगळंच माहीत होतं. पण वडील भले होते. ‘जाऊ दे गं, त्यांना पटत नाहीये तर,’ असं म्हणून त्यांनी पंधराशे रुपये कमी केले. मला थोडी लाज वाटली. पंधराशे रुपयांपुरती.

इतका वेळ सुतारकाका गिटार मांडीवर पालथी घेऊन बसले होते. त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, वास घेतला, रंग उडालेल्या जागी नख दाबून बघितलं. ‘साग नाही,’ ते म्हणाले. बासवुड आहे असं मुलीने सांगितलं. ‘मऊ आहे. नख रुततंय.’ मग त्यांनी गिटार सुलटी केली आणि तारा जिथे टेकतात त्या ब्रिजच्या पुढच्या दोन खुंट्यांवर बोट ठेवलं. ‘सगळी ओढ या दोघांवर येतीय ना, साहेब? आणि त्यांच्या पुढ्यातच हे पांढरं झाकण. खाली पोकळ आहे वाटतं. ते काढा, बघू.’

मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं. ‘काका, तो पिकगार्ड आहे. अकरा स्क्रू आहेत त्याला. शोभेचा भाग आहे तो, त्याचा संरचनेशी संबंध नाही.’

संरचना हा शब्द मी सुतारासमोर वापरला.

काका काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, ‘वाजवून बघणार ना?’ बोट बरं व्हायला अजून वेळ होता, म्हणून मी तिलाच वाजवायला सांगितलं. ती छानच वाजवत होती. ट्रेमोलोचा दांडा दाबून तिने सूर असे हेलकावले की मला गहिवरून आलं. दर थोड्या वेळाने ती थांबायची, गिटारच्या डोक्यावरच्या खुंट्या पिळायची आणि पुढे वाजवायची. मैफलीआधी अर्धा तास तंबोरे लावणाऱ्या गायकांचा मी जुना भक्त. मला ती पोर फारच सुरेल वाटली.

परतताना मी काकांना रोजी देऊ लागलो. त्यांनी घेतली नाही. ‘माझं ऐकलं नाहीत, मग पैसे कशाचे घेऊ?’ एवढंच म्हणून ते बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचा पावसाळा मी स्वतःच्या कानांना दोष देण्यात घालवला. गिटार लावली की सुरात, दांड्याला हात लावला की बेसूर. दांडा नुसता पुसला तरी बेसूर. शिकवायला येणारा तरुण मुलगा तासातला निम्मा वेळ ती लावत बसे आणि फी पूर्ण तासाची घेई. मी तारा बदलल्या. हवा दमट आहे म्हणून गिटारला कपाटात कापराजवळ ठेवलं, आणि कपडे हॉलमध्ये आले. सूर न ओळखणं हा आमच्या घराण्याचाच गुण आहे असं आईने सांगितल्यावर मी ते मान्यही केलं होतं. शेवटी तो शिकवणारा मुलगाच कंटाळला आणि मला पेठेत गिटारी दुरुस्त करणाऱ्या एकाकडे घेऊन गेला.

त्या माणसाने गिटार हातात घेतली आणि वाजवलीच नाही. बाजूने डोळा लावून ब्रिजच्या दोन खुंट्या बघितल्या. एक सरळ होती. जाड तारांच्या बाजूची दुसरी, मानेकडे किंचित झुकलेली. ‘पिकगार्ड काढून बघितला होता?’ त्याने विचारलं.

मी म्हटलं, त्याला अकरा स्क्रू आहेत.

‘हो, मोजता येतात मला,’ तो म्हणाला आणि तारा सैल करून त्याने ते अकराही काढले. पांढऱ्या झाकणाखाली, खुंटीच्या भोकापासून निघून पिकअपच्या खाचेपर्यंत, कोऱ्या लाकडात एक स्वच्छ, सरळ, लाकडाच्या रेषेने गेलेली भेग होती. भिंगाची गरज नव्हती. शिकवणाऱ्या मुलाला दारातून दिसली.

त्याचं म्हणणं असं, की तारांची ओढ खुंट्यांना सतत मानेकडे खेचत असते. खुंटीचं भोक आणि पिकअपची खाच यांच्यामध्ये लाकूड उरतं जेमतेम. त्यात हे मऊ लाकूड, वर कुणीतरी जाड तारा लावून दांड्याशी दांडगाई केलेली. भेग पडली की दांडा दाबताना खुंटी जरा हलते आणि जागेवर येते, पण नेमकी त्याच जागेवर येत नाही. मग सूर कसे टिकणार? गिटार ज्यांच्याकडून घेतली त्यांनाही याचा पत्ता नसणार. त्या मुलीला डोक्यावरच्या खुंट्या पिळून तारा लावायची नुसती सवय झालेली. मी त्याला मानेजवळची भेग दाखवली आणि तिच्यावर पंधराशे रुपये कमी करून घेतल्याचं सांगितलं, जरा तरी वजन पडावं म्हणून. ‘ती राहू दे,’ तो म्हणाला. दुरुस्तीचे पंचवीसशे झाले.

काम मात्र त्याने बघण्यासारखं केलं. खुंटी आणि तिची पितळी बाही उपसून काढली, भेगेत गोंद मुरवला, क्लॅम्प लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली. मग जुनं भोक मोठं करून त्यात मेपलचा गोल गट्टू गोंदासकट ठोकला आणि त्या कडक लाकडात नवं भोक पाडलं. माझा उतरलेला चेहरा बघून म्हणाला, ‘क्वीनच्या ब्रायन मेने वडिलांबरोबर घरी बनवलेली गिटार आहे ना, ६३ साली सुरू केलेली, तिची मान जुन्या शेकोटीच्या फळीची आहे. किडीने पाडलेली भोकं त्याने काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. तुम्हाला तर मेपल मिळतंय.’

तेव्हापासून ती सुरात राहते. आता बेसूर जे काही असतं ते माझं असतं, आणि शिकवणारा मुलगा दोन्हींतला फरक मोठ्या आवाजात सांगतो.

ही सगळी हकीकत सुतारकाकांच्या कानावर जाऊ द्यायची नाही असं मी ठरवलं होतं. बायकोने ती त्यांना त्याच आठवड्यात जिन्यात सांगितली. संध्याकाळी काका दारात. आत आले, गिटार मागून घेतली, पुन्हा मांडीवर ठेवली, ब्रिजच्या दोन खुंट्यांवर अंगठा फिरवला. ‘गट्टू कशाचा मारला?’ मी मेपल म्हणालो. ते कुठलं लाकूड, कसं असतं, एवढं विचारून घेतलं आणि ‘माणूस बरा दिसतोय’ असा शेरा दिला. मग गिटार जपून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘साहेब, त्या दिवसाची अर्धी रोजी राहिलीय.’

मी पैसे आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ते खिशातल्या स्क्रूड्रायव्हरने पांढऱ्या झाकणाचा एक स्क्रू आवळत होते.